पट्टी धरायला माणूस

२९ नोव्हेंबर

आज गाडी कुळथाच्या शेतात गेली. 'गेली' असंच लिहितो, कारण मी नेली नव्हती. कणकवलीहून आचऱ्याला परत येत होतो, संध्याकाळचा सूर्य बरोबर नाकासमोर. म्हणून काचेच्या वर असते ती उन्हाची पट्टी खाली ओढली. एरवी ती ओढू तिथे थांबते. आज थांबली नाही, थेट माझ्या नाकावर येऊन बसली. मी एका हाताने ती वर ढकलतोय, ती पुन्हा लोंबतेय, तेवढ्यात रस्ता वळला आणि आम्ही वळलो नाही.

शेत सुगंधाचं. बांधावरून ती ओरडली, "ओ गुरुदासभाऊ, हय कुळीथ पेरलेले आसत, पार्किंग नाय!" चार जणांनी गाडी ढकलून रस्त्यावर काढली. गाडीला ओरखडा नाही, मला नाही. कुळथाचं काय झालं ते सुगंधा गावभर सांगेलच.

मी घरी पोचायच्या आधी बातमी बायकोपर्यंत, म्हणजे नर्मदेपर्यंत पोचली होती, आणि नर्मदेपासून ठाण्याला दिव्यापर्यंत. लेकीचा फोन आलाच. "बाबा, रियाला घेऊन मी सतराला येतेय. तोवर ती पट्टी नीट झाली नसेल तर गाडी विकायची. मी स्वतः ओढून बघणार."

मी होय म्हणालो. वडील असून होय म्हणालो! पण फोन ठेवल्यावर जाऊन गाडीची किल्ली खिशात घातली. टेलिफोन खात्यात जन्म गेला, सगळा दुसऱ्याच्या वेळेवर. निवृत्त झालो, गावी आलो, गाडी घेतली, तेव्हा पहिल्यांदा मनाला येईल त्या वेळी बाहेर पडायला लागलो. ती गेली तर मी एसटीच्या फळ्याखाली उभा राहणारा म्हातारा. नको.

३ डिसेंबर

दुरुस्ती घरच्या घरी करायची ठरवली. एवढ्याशा पट्टीसाठी गॅरेज कशाला?

उपाय पहिला, रबरबँड. तुटून डोळ्यावर बसला. उपाय दुसरा, नर्मदेच्या केसांचे चाप. पट्टी टिकली, पण चाप काढायला नर्मदा स्वतः आली आणि जाताना चार शब्द देऊन गेली. उपाय तिसरा, सायकलच्या ट्यूबची पट्टी दांड्याला गुंडाळली. पट्टी इतकी घट्ट झाली की खालीच येईना. जोर लावला तर ट्यूबसकट आली.

उपाय चौथा माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाला, फणसाचा चीक. आमचे आजोबा त्याने पाखरं धरायचे. पट्टी काय चीज आहे? परसातल्या फणसाला खाच मारून चीक काढला, दांड्याला फासला, पट्टी वर दाबून धरली. छान चिकटली. मग लक्षात आलं की माझं डोकंही चिकटलंय. नर्मदेने खोबरेल ओतून सोडवलं. केसांचा एक झुपका पट्टीवर राहिला तो राहिलाच. दुपारी गाडी उन्हात तापली, चीक वितळला, पट्टी पुन्हा खाली.

हे सगळं समोरच्या ओट्यावरून लॉरेन्स बघत होता. बोलला नाही. तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी. पण हसला. त्याला दात दाखवायला बोलावं लागत नाही.

लॉरेन्स म्हणजे लॉरेन्स मास्तर, हायस्कूलला भूगोल शिकवायचा. आम्ही दोघांनी कुडाळातून एकाच दिवशी एकाच जातीची गाडी घेतली. माझी पांढरी, त्याची राखाडी. दर बुधवारी मालवणला मासळीला एकत्र जायचो, एकदा त्याच्या गाडीने, एकदा माझ्या. दीड वर्षापूर्वी त्याने बाजारात चारचौघांत सांगितलं की गुरुदास गाडी मागे घेताना डोळे मिटतो. मी म्हटलं, निदान तुझ्या बायकोसारखा दोदोलात गूळ घालायला तर विसरत नाही. आल्बिना तिथेच उभी होती, आणि दोदोल म्हणजे तिची नाताळाची खास नारळगुळाची मिठाई. तेव्हापासून बुधवार बंद, आणि नाताळाची ताटली येते ती मागच्या दाराने, नर्मदेच्या नावाने.

मला काही फरक पडत नाही. मासे काय, एकट्यालाही मिळतात. फक्त एकट्याने आणलेले बांगडे जास्त होतात.

त्याच्या गाडीची पट्टी अजून ताठ आहे. इथून दिसते.

७ डिसेंबर

हार मानली. कणकवलीच्या पार्टवाल्याकडे नवी पट्टी सांगितली. आठवडाभरात येईल म्हणाला. जाताना सूर्य तोंडावर, येतानाही तोंडावर. एक हात पट्टीला, एक स्टिअरिंगला. पाठीमागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले.

१३ डिसेंबर

पट्टी आली! कोरी, कागदात गुंडाळलेली. कोंबड्या चोच मारतील म्हणून कपाटावर अगदी वर ठेवली. उद्या गावपळणीला निघाल्यावर निवांत बसवणार. दिव्या, ये आता खुशाल.

१४ डिसेंबर, हद्दीबाहेर

लिहायला हात चालत नाही.

आज गावपळण. ग्रामदेव रामेश्वराने कौल दिला की आमचा गाव तीन दिवस तीन रात्री रिकामा होतो. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळे हद्दीबाहेर. मागे फक्त देव. नंतर कौल मिळेपर्यंत कोणी पाऊल आत टाकायचं नाही. सकाळपासून घाई. गाडीत भांडी, अंथरुणं, तांदूळ, नर्मदेची तुळसदेखील. नगारा वाजला तसे निघालो. झावळ्यांच्या झोपडीत सामान लावलं, चहा झाला, मी नर्मदेला म्हटलं, "आता शांतपणे पट्टी बसवतो."

"खंयची पट्टी?"

पट्टी कपाटावर. कपाट घरात. घर गावात. आणि गाव देवाचा.

हद्दीवर उभं राहून बघितलं तर माडांच्या मागे आमचं कौलारू छप्पर दिसतं. एवढ्याशा अंतरावर! नर्मदेला म्हटलं, धावत जाऊन येतो, कोण बघतंय? ती म्हणाली, "जेचो गाव, तो बघता." झोपडीत परत आलो.

दिव्या सतराला दुपारी नांदगाव स्टेशनवर उतरणार. कौल होईल सतराच्या संध्याकाळी. म्हणजे ती लोंबती पट्टी घेऊनच जावं लागणार. गाडी गेली आता हातची.

त्यात आणखी भर म्हणजे शेजारची झोपडी लॉरेन्सची. एवढं माळरान पडलंय, पण नर्मदेने आणि आल्बिनाने नेमकी एकमेकींना खेटून जागा धरली. म्हटलं, दुसरीकडे जाऊ. नर्मदा म्हणाली, "हय सावली बरी आसा." सावली कुठे दिसली तिला कोण जाणे. बायकांना असल्या गोष्टी लक्षातच येत नाहीत.

१५ डिसेंबर

जे केलं ते लिहितो. वही माझी आहे, लाज कसली?

दुपारी जेवणं झाली, सगळं माळरान झोपलं. मास्तर झोपडीत घोरत होता. त्याची राखाडी गाडी माझ्या पांढऱ्या गाडीच्या बाजूला, काचा उघड्या, पट्टी ताठ. मी विचार केला. गावपळणीत लोक दारं उघडी टाकून येतात तरी काडीची चोरी होत नाही, कारण रामेश्वराची राखण. पण राखण आहे हद्दीच्या आत. आम्ही आहोत बाहेर. शिवाय ही चोरी नाहीच, अदलाबदल आहे. मास्तर कुठे जाणार आहे तीन दिवस?

दोन स्क्रू इकडचे, दोन तिकडचे. माझी त्याच्या गाडीत, त्याची माझ्या. जमलं. ओढून बघितली तर जिथे सोडू तिथे थांबते. किती दिवसांनी!

नंतर दिसलं, पट्टीच्या रबरात एक छोटं चित्र खोचलेलं आहे, सांत आंतोन या ख्रिस्ती संताचं. राहू दिलं. कोणत्याही देवमाणसाला बाहेर काढणं बरं नव्हे.

संध्याकाळी लॉरेन्स त्याच्या गाडीत काहीतरी शोधत होता. मग माझ्या गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. चोराच्या मनात चांदणं. मी भजनाला निघून गेलो आणि पार आरतीपर्यंत बसलो.

१६ डिसेंबर

चमत्कारच म्हणायचा. सकाळी पट्टी ओढली तर धप्पकन नाकावर!

आधी वाटलं, माझी गाडीच अपशकुनी. मग नीट बघितलं आणि डोक्यात उजेड पडला. त्या पट्टीच्या दांड्याला फणसाचा चीक आहे! म्हणजे मास्तरने स्वतः तोच उपाय केला होता, आणि वर मला हसत होता. लबाड. चिकाला पांढरे केससुद्धा चिकटलेत. मास्तरच्या डोक्यावर केस नाहीत, पण तेव्हा असतील.

सांत आंतोनचं चित्र दिसत नाही. उलट माझी पीयूसीची पावती रबरात आहे. ती मीच काल काढून इकडे खोचली असणार, घाईत आठवत नाही. चित्र नर्मदेने आवरलं असेल. तिला कागद दिसला की आवरते.

म्हणजे मास्तरची पट्टीही माझ्यासारखीच लोंबती. मग कशाला दुसऱ्याचं पाप डोक्यावर? दगडापेक्षा वीट मऊ. आपली पट्टी आपल्याला बरी. दुपारी पुन्हा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि प्रामाणिकपणे ज्याची त्याला परत केली. त्याच्या गाडीतून माझी काढून घेतली. मास्तरने तेवढ्यात ती पुसून लख्ख केली होती, चिकाचा मागमूस नाही. सांत आंतोनही तिच्यातच! इतकं सगळं माझ्या पट्टीसाठी केलं, तर माणूस अगदीच वाईट नाही. चित्र मी त्याच्या सीटवर ठेवलं.

आणि आता ऐका. माझी पट्टी घट्ट झाली! अगदी आपोआप. चारदा ओढून बघितली, चारदा थांबली. खोटेपणा सोडला आणि देवाने हात दिला. नर्मदेला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय तर," आणि आल्बिनाच्या झोपडीत निघून गेली. तिथून दोघींचा हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. त्यांचं काहीतरी नाताळाचं चाललं असेल.

उद्या दिव्या ओढून बघेल. बघ म्हणावं.

१७ डिसेंबर

सकाळी गाडीत बसलो, पट्टी खाली ओढली आणि नाकावर घेतली.

रडायला आलं, खोटं कशाला लिहू? देवाने घट्ट केलेली एका रात्रीत सैल? स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो होतो. तेवढ्यात नर्मदा आली. म्हणाली, "आल्बिनाक दोदोलासाठी काळो गूळ होयो. कणकवलीसून आणा. लॉरेन्सभावजी येतत पारखूक."

"तो माझ्याशी बोलत नाही."

"बोलूक सांगूक नाय मी. बसूक सांगलंय."

बोलावल्याशिवाय लॉरेन्स आलाच होता, इस्त्रीचा सदरा घालून. डाव्या सीटवर बसला आणि समोर बघत राहिला. मीही. पहिल्या वळणापर्यंत दोघांत फक्त इंजिन बोलत होतं. मग सूर्य तोंडावर आला, मी पट्टी ओढली, ती लोंबली. लॉरेन्सने उजवा हात लांब केला आणि ती धरली.

"थोडी वर," मी म्हणालो.

"हंय?"

"हां. बस."

दीड वर्षाने बोललो ते हे.

पुढे त्याच्यातला मास्तर जागा झाला. "डिसेंबरात सूर्य आग्नेयेक उगवता आणि नैऋत्येक बुडता. कणकवली पडता पूर्वेक. सकाळी तोंडार, सांजेक तोंडार. आमचो गाव बसवलेल्यांनी भूगोल केल्लो नाय." मला हसू आवरेना. तोही हसला. मग म्हणाला, "आल्बिनाक मात्र तुझा ता बोलणा लागला हां. अजून दोदोल केल्यार पयलो तुकडो माका चाखूक दिता आणि तोंडाकडे बघत रवता."

मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. ती बाई माझ्या आजारपणात आठवडाभर पेज घेऊन येत होती. कणकवलीत गूळ घेतला तेव्हा दोन ढेपा जास्त घेतल्या आणि म्हटलं, "ह्या माझ्याकडून. दोदोलात गूळ कधीच कमी नव्हता. जीभ माझी कमी होती."

लॉरेन्स म्हणाला, "बरा. पण तू गाडी मागे घेताना डोळे मिटतंस ता खरा."

"मान दुखते म्हणून."

"मान दुखल्यार डोळे कित्याक मिटूक होये?" मी गाडी पुढे घेतली.

स्टेशनच्या बाहेर थांबलो असताना त्याने खिशातून सांत आंतोनचं चित्र काढलं आणि माझ्या पट्टीच्या रबरात खोचलं. म्हणाला, "हो हरवलेली वस्तू शोधून दिता. माका ह्या दोन दिवसांत दोनदा दिल्यान." आणि एवढा हसला की डोळ्यांत पाणी आलं. काय हरवलं होतं ते विचारायचं राहून गेलं. मास्तर विसराळू झालाय, वयच झालं.

दिव्या उतरली. रियाने, माझ्या नातीने, आल्याआल्या पुढच्या खिडकीतून डोकं आत घातलं. दिव्याने सामान ठेवायच्या आधी हात घालून पट्टी ओढली. पट्टीने इमानेइतबारे लोळण घेतली.

"बाबा!"

"दुरुस्ती झालेली आसा गो," लॉरेन्स म्हणाला आणि हात लावून पट्टी होती तिथे धरली. "ही बघ."

"ही दुरुस्ती?"

"तुझ्या बापाशीची आणि माझी."

दिव्या आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. ती लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत गावी आली की आम्हा दोघांकडे असंच बघायची, आम्ही दोघे देवगडहून आंबे घेऊन उशिरा परत यायचो तेव्हा. मग मागे बसली. निम्मा रस्ता संपला. सूर्य तोंडावर आला होता. लॉरेन्सचा हात पट्टीवर होता. रिया म्हणाली, "आजोबा, तुमचा हात दुखत नाही?"

"दुखता. पण दुसरो आसा मां."

त्यावर दिव्याने निकाल दिला. "ठीक आहे. गाडी राहू दे. पण पट्टी लोंबतेय तोवर लॉरेन्सकाकांशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. आई लक्ष ठेवेल."

मी एवढा खूश झालो की गाडी झाडाखाली लावताना मागे घेतली. डोळे मिटले नाहीत. अर्धेच मिटले.

१८ डिसेंबर

काल संध्याकाळी देवाने कौल दिला, गाव घरी आला. रस्त्यावर गुरं, टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर कोंबड्यांच्या डालग्या. घर उघडलं तर जसंच्या तसं. कपाटावर नवी पट्टी, कागदाची गाठही सुटलेली नाही.

सकाळी स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी घेऊन गाडीत बसलो. जुनी काढायची, नवी बसवायची, दहा मिनिटांचं काम. स्क्रू हातात घेऊन बसलो आणि बसूनच राहिलो. परवा परवा गाडी विकायची पाळी आली होती ह्या लोंबत्या पट्टीपायी. काल हिच्याच पायी मास्तर बाजूला बसला. घट्ट केली तर मी एकटाच फाटकाबाहेर जायला मोकळा. मोकळा होऊन जायचं कुठे?

समोरच्या ओट्यावरून लॉरेन्सने हाक मारली, "बसली काय रे नवी?"

"नाय रे," मी म्हणालो. "मॉडेल चुकला."

"अरेरे," तो म्हणाला, आणि शीळ घालत आत गेला.

पट्टी पुन्हा कागदात बांधून कपाटावर ठेवली. नर्मदेने बघितलं. इतकंच विचारलं, "बुधवारी बांगडे आणतल्यात काय सुरमय?"

२४ डिसेंबर

बुधवार. मालवणला गेलो. लॉरेन्सने जाताना पट्टी धरली, मासे निवडले, घासाघीस केली आणि सरंग्याच्या भावावरून मला वेड्यात काढलं. फार मजा आली. बांगडे जास्त झाले नाहीत, कारण निम्मे त्याचे होते.

२५ डिसेंबर

दोदोल पुढच्या दाराने आला. आल्बिना स्वतः घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी खाल्ला. इतका गोड की दात शिवशिवले. दोन ढेपा जास्त घेतल्या त्याचं फळ. "कसो?" तिने विचारलं. मी आणखी दोन तुकडे घेतले.

३१ डिसेंबर

आज लॉरेन्सच्या गाडीची पाळी होती. बिचाऱ्याची पट्टी काल अचानक सैल झाली. अगदी माझ्यासारखी लोंबते. कशी झाली विचारलं तर म्हणाला, "ईश्वराची इच्छा." मी बघायला गेलो तेव्हा स्क्रूड्रायव्हर त्याच्या मांडीवरच होता, म्हणजे दुरुस्तीचा प्रयत्न करून दमला होता. स्क्रू कुठेतरी हरवले म्हणे. हरवलेलं शोधून देणारा सांत आंतोन तर माझ्या गाडीत, मग सापडणार कसे?

माझ्या कपाटावर त्याच्याच गाडीला बसेल अशी कोरी पट्टी आहे. मनात आलं, देऊन टाकावी. पण मॉडेल चुकलं असं मीच सांगून बसलोय. एकदा खोटं बोललं की ते असं नडतं.

शेवटी मालवणला जाऊन येईपर्यंत मीच त्याच्या बाजूला बसून त्याची पट्टी धरली. वळणावर त्याच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी बारीक खुळखुळत होतं. सुटे पैसे असतील. हात चांगलाच भरून आला, पण दुसरा होता. त्याचा चेहरा मात्र नव्या वर्षाची वाट बघणाऱ्या पोरासारखा खुललेला. पट्टी बिघडूनही इतका खूश! एवढी वर्षं भूगोल शिकवला, पण गाडीतलं काही म्हणता काही कळत नाही त्याला.